मैनेचा हात आणि एक बीप

"तुमच्या लोकांनी माझ्या मैनेचा हात तोडून नेला," फोनवरची बाई म्हणाली.

मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये उभी होते. हातातला वडापाव तसाच राहिला. काही सुचेना म्हणून मी विचारलं, "दवाखान्यात नेलंत का तिला?"

मग ती म्हणाली, "पुतळा हाय ती. दुकानासमोरचा. तुमी त्या खड्ड्यांच्या गोष्टीत जिला खिळे टाकायला लावलेत, तीच."

मग मला सगळं कळलं. ही बाई खरी होती, तिचं पंक्चरचं दुकान खरं होतं, आणि आमच्या कार्यक्रमात जी गोष्ट आम्ही हसत हसत बनवली होती ती तिच्या दारात जाऊन उभी राहिली होती. कार्यक्रमाच्या पानावर संपर्क म्हणून माझा नंबर होता, कारण अमेय सरांना अनोळखी फोन घ्यायला आवडत नाही. म्हणून ती मला बोलत होती. मी नुसती "हो ताई, हो ताई" करत राहिले.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी पेणजवळच्या एका गावातली. आमच्याकडे आधी मिठागरातलं काम होतं, आता बाबा डंपर चालवतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाला आहे आणि अभ्यास सांभाळून एका पॉडकास्टचं एडिटिंग करते. पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या कार्यक्रमासारखंच, फक्त फोनवर आपल्याला हवं तेव्हा ऐकायचं. बाबांना समजावताना मी म्हणाले होते, "माणसं बोलतात, त्यातलं नको ते मी कापते." बाबा म्हणाले, "मंग त्यांना कमी बोलायला सांग ना."

कार्यक्रमाचं नाव 'कट शिजतोय'. अमेय सर आणि निखिलदादा असे दोघं तो करतात. अमेय सरांची अलिबागजवळ नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीत नारळ साठवायची एक खोली होती, तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला. अजूनही तिथे सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, वास येतो. निखिलदादा खारघरचा. आठवडाभर न्हावा शेवाला एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघतो आणि रविवारी दुपारी येऊन लोकांना हसवतो.

हल्ली खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी सांगणारे कार्यक्रम खूप झालेत. खर्जातला आवाज, मागे घुमणारं संगीत, "त्या दिवशी घरात फक्त तिघं होते" वगैरे. शिवाय प्रत्येक गोष्टीमागे कुणाचा तरी डाव आहे असं सांगणारेही खूप. आमचा कार्यक्रम या दोघांची नक्कल करतो. ऐकणारे एक शब्द पाठवतात, खलबत्ता, शेवग्याची शेंग, असं काहीही. त्यावरून हे दोघं तिथल्या तिथे एक केस रचतात. लिहिलेलं काही नसतं. याला इम्प्रोव्ह म्हणतात.

इम्प्रोव्हचा एक नियम आहे. समोरच्याने काहीही म्हटलं तरी 'नाही' म्हणायचं नाही. 'हो, आणि' म्हणायचं आणि त्याच्या बोलण्यात आपली भर घालायची. एकाने म्हटलं की नारळ खुनी आहे, तर दुसऱ्याने म्हणायचं, हो, आणि शहाळं त्याचा साथीदार आहे. 'नाही' म्हटलं की खेळ तिथेच मरतो. मला हा नियम आवडायचा. मलाही कुणाला नाही म्हणता येत नाही. तिथे तो गुण ठरला होता.

ते दोघं दोन-दोन तास बोलतात. हे सगळं न कापलेलं रेकॉर्डिंग म्हणजे रॉ. त्यातला चांगला भाग मी निवडते, खोकले, अडखळणं, न जमलेले विनोद काढते. मुख्य म्हणजे शांतता काढते. एकजण बोलला आणि दुसऱ्याला काही सुचेपर्यंत जो वेळ जातो, तो मी कापते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हजरजबाबी माणसं आहेत!

तर त्या रविवारी आलेला शब्द होता 'खड्डा'. आमच्या भागात हा शब्द यायला इतका उशीर कसा झाला, हेच नवल. भाग असा सुरू झाला.

"मित्रांनो, हायवेवर खड्डे पडत नाहीत," निखिलदादा खर्जात म्हणाला. "ते पाडले जातात."

"कोण पाडतं?"

"ज्याचं भलं होतं तो. खड्ड्याने कुणाचं भलं होतं?"

"हाडांच्या डॉक्टरचं."

"त्याच्या आधी. गाडी थांबते कुठे?"

"पंक्चरवाल्याकडे." अमेय सरांनी आवाज आणखी खाली नेला. "आणि तिथे एक बाई उभी असते. रेनकोट घालून. भर उन्हाळ्यातसुद्धा. ती हलत नाही. पापणी लवत नाही."

"ती पुतळा आहे?"

"असं सगळ्यांना वाटतं."

इथे मी एडिट करतानासुद्धा हसले होते. पुढे त्यांनी त्या बाईला अख्ख्या टोळीची म्होरकी केलं. ती अंधारात रस्त्यावर उतरते आणि रेनकोटच्या खिशातून खिळे पेरत जाते, वगैरे. बोलता बोलता अमेय सर एका फाट्याचं नावही बोलून गेले, माणगावच्या अलीकडच्या. मी कापून तयार केलेला भाग ऐकल्यावर ते म्हणाले, "दर्शना, फाट्याचं नाव नको. उगाच लफडं. बीप मार." बीप म्हणजे तो टूं आवाज, टीव्हीवर शिवी झाकायला वापरतात तो. मी मारला. भाग बाहेर गेला.

तो भाग आमच्या नेहमीच्या भागांपेक्षा खूप जास्त ऐकला गेला. कारण खड्डे सगळ्यांच्याच कमरेला माहीत आहेत. पण कमेंट खड्ड्यांबद्दल कमी आणि बीपबद्दल जास्त होत्या. बाकी सगळं काल्पनिक आहे तर एकच नाव का झाकलं? म्हणजे तेवढं एक खरं आहे. मग कुणीतरी बीप किती वेळ वाजतो ते मोजलं आणि नाव किती अक्षरी असेल ते काढलं. दुसऱ्याने नकाशा टाकला. तिसऱ्याने सरळ त्या पुतळ्याचा फोटोच टाकला, रेनकोट घातलेला, हातात 'पंक्चर' असा बोर्ड. खाली लिहिलं होतं, 'सापडली'.

आम्ही नाव झाकलं होतं आणि पुतळा उघडा ठेवला होता. असा पुतळा त्या अख्ख्या रस्त्यावर एकच.

फोन आला त्या दिवशी मी अमेय सरांना सगळं सांगितलं. ते आधी खूश झाले. "काय सांगतेस! फॅन थेट दुकानापर्यंत गेले?"

"सर, हात तोडून नेलाय."

"पुतळ्याचाच ना? भरून देऊ."

त्या बाई, सुगंधाताई त्यांचं नाव, आणखीही काही म्हणाल्या होत्या. पोरं येतात, पुतळ्याशेजारी उभी राहून हातात खिळा धरून रील काढतात. हे त्यांनी सोसलं असतं. पण आता गाड्यावाले थांबत नव्हते. एकाच्या टायरमध्ये खरंच खिळा निघाला, तर त्याने चारचौघांत विचारलं, "हा तुम्हीच टाकलेला ना?" सुगंधाताईंचा नवरा ट्रेलरवर असतो, न्हावा शेवाहून माल घेऊन लांब जातो. दुकान त्याचंच, पण चालवतात त्या. त्याच्या कानावर हे ड्रायव्हर लोकांकडून गेलं होतं. तो शिमग्याला घरी येणार होता आणि फोनवर म्हणाला होता, "दुकान बंद कर. बाईमाणसाचं नाव हायवेवर नको."

शिमगा महिन्यावर आला होता.

आम्ही आधी सोपा उपाय केला. भागाखाली लिहिलं, 'ही गोष्ट पूर्णपणे काल्पनिक आहे.' काही उपयोग झाला नाही. कारण प्रत्येक भागाच्या सुरुवातीला अमेय सर गंभीर आवाजात म्हणतात, "ही गोष्ट काल्पनिक आहे, असं आम्हाला सांगावं लागतं." तो आमचा ठरलेला विनोद. आता खरं सांगायची वेळ आली तेव्हा ते वाक्य आधीच वापरून झालं होतं.

मग माफीचा छोटा भाग करायचं ठरलं. अमेय सर मनापासून बोलायला बसले. पण माइक समोर आला की त्यांचा आवाज आपोआप खाली जातो. "आम्ही चुकलो," ते म्हणाले. ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

आणि निखिलदादा सवयीने म्हणाला, "हो, आणि हे आम्हाला कुणीही बोलायला लावलेलं नाही."

"दादा, हे काढू का?" मी विचारलं.

"राहू दे ना. सच तो है."

ते राहिलं. पुढचे काही दिवस सगळ्या कमेंट एकाच गोष्टीवर होत्या, यांना कुणी बोलायला लावलं? मग आम्ही मूळ भागच काढून टाकला. तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली. ज्यांनी तो ऐकलाही नव्हता ते आता तो शोधून ऐकायला लागले. त्याच्या प्रती आधीच फिरत होत्या.

मला तेव्हा फार थकायला झालं होतं. सकाळी कॉलेज, मग एसटीने अलिबाग, मग परत. एसटीत बसून मी कमेंट वाचायचे आणि सुगंधाताईंचे फोन घ्यायचे. त्या ओरडायच्या नाहीत, तेच जास्त जड जायचं. नुसतं विचारायच्या, "काय झालं का, बाय?" मी म्हणायचे, "प्रयत्न चाललेत, ताई."

एका सुट्टीच्या दिवशी अमेय सर म्हणाले, "चल, भेटून येऊ." त्यांच्या गाडीने आम्ही गेलो.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी आणि टायरांची चळत. बाहेर मैना उभी होती. पिवळा रेनकोट, गुलाबी ओठ. उजवी बाही रिकामी लोंबत होती. बोर्ड तिच्या गळ्यात सुतळीने बांधला होता. त्यामुळे तीच आरोपी असल्यासारखी दिसत होती.

सुगंधाताई टाकीजवळ बसून ट्यूब पाण्यात बुडवून बघत होत्या. बुडबुडे येतात तिथे भोक. आम्हाला बघून उठल्या नाहीत.

"हे कोन?"

"मी अमेय. तो... कार्यक्रम करणारा."

"अस्सं." त्यांनी त्यांना खालून वरपर्यंत बघून घेतलं. "आवाजावरनं मोठा वाटलास रे."

अमेय सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "ताई, रेनकोट मला फार भारी वाटला. म्हणून डोक्यात राहिला. पण उन्हाळ्यात रेनकोट का?"

"कापडाच्या दुकानातनं आणली तेव्हा अंगावर काय नव्हतं. उघडी बाई हायवेला उभी करू? साडी नेसवली तर वाऱ्यानं उडायची. रेनकोटला बटनं हायत." त्यांनी ट्यूब पुसली. "एवढंच हाय त्यात. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

इतक्यात एक पांढरी गाडी रस्त्यावरून हळूहळू आली. मागचं एक चाक पूर्ण बसलेलं. गाडी फतक फतक करत लंगडत होती. ड्रायव्हरने दुकानाकडे पाहिलं, मैनेकडे पाहिलं. शेजारचा माणूस काहीतरी बोलला. गाडी थांबली नाही. तशीच बसलेल्या चाकावर फरफटत पुढे गेली. पुढचं दुकान बरंच लांब आहे. टायर तर जाणारच, रिमही जाणार.

सुगंधाताई ती गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

"दिसलं?" त्या म्हणाल्या. "टायर फाटला तरी चालंल, पन हितं नको. रोज बघते मी हे."

अमेय सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. जरा वेळाने ते म्हणाले, "ताई, असं करू. तुम्हीच आमच्या कार्यक्रमात या. दोघं तुम्हाला प्रश्न विचारतो, तुम्ही हसत हसत उत्तरं द्या. मस्त होईल. लोकांना कळेल की तुम्ही साध्या आहात."

"न्हाय."

"दहा मिनिटं फक्त."

"न्हाय म्हटलं ना. मी काय केलंय म्हनून येऊन सांगू? आनि हसू कशापायी? हसायला तुमी हाव की दोघं."

आमच्या कामात कुणी नाही म्हणत नाही. अमेय सरांना पुढे काय बोलायचं ते सुचेना. ही शांतता कापायला तिथे मी काही करू शकत नव्हते. त्या परत टाकीपाशी बसल्या. आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी मूळ भागाचा रॉ उघडला. रॉ कधीच पुसायचा नाही हा माझा नियम आहे. का उघडला ते नक्की सांगता येणार नाही. कदाचित आमच्याकडून नेमकं कुठे काय झालं ते बघायचं होतं.

त्यात असं होतं. पंक्चरवाल्याचा विषय निघाल्यावर दोघंही अडकले होते. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग निखिलदादाने टायर आणि मेदूवडा यावर एक विनोद केला. कुणी हसलं नाही. तोच विनोद त्याने पुन्हा केला. मग अमेय सर साध्या आवाजात म्हणाले, "अरे, काल बहिणीकडून येताना एक पुतळा बघितला. रेनकोटवाला. टाकू का मध्ये?" निखिलदादा म्हणाला, "टाक ना. काहीतरी तर टाक." "मग खिळे तीच टाकते असं करू?" "कर, कर. भूक लागलीये यार." मग अमेय सरांच्या आईचा फोन आला, नारळ पाडणारा आलाय, त्याला कोयता सापडत नाहीये. त्यावर बरंच बोलणं झालं. कोयता न्हाणीघरामागे होता. मग पुन्हा पंख्याचा आवाज. मग कुठे तो खर्जातला आवाज सुरू झाला, "आणि तिथे एक बाई उभी असते."

हे सगळं मीच कापलं होतं. हे ऐकल्यावर त्या बाईवर संशय घेणं कुणालाही शक्य नव्हतं. दोन भुकेली माणसं काहीतरी जुळवतायत, एवढंच ते होतं.

पुढच्या रविवारी मी वाडीत गेले. मी म्हणाले, "सर, रॉ टाकूया. पूर्ण. काहीही न कापता. संगीत नाही, काही नाही."

अमेय सरांना आधी कळलंच नाही. "पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण. कोयत्यासकट."

"वेडी आहेस का? दोन तास? अगं, त्यात आम्ही किती फालतू वाटतो, ऐकलंयस ना?"

"ऐकलंय, सर. म्हणूनच."

ते उठून फेऱ्या मारायला लागले. खोली छोटी आहे, तीन पावलांत भिंत येते. "लोकांना वाटतं की आपल्याला पटापट सुचतं. ते वाटणं म्हणजेच आपला कार्यक्रम आहे, दर्शना. ते गेलं की काय राहिलं? दुसरं काहीतरी करू. वाट बघू. लोक विसरतील."

"शिमग्याच्या आधी नाही विसरणार."

"हे बघ, नाही म्हणजे नाही."

मी खाली बघत होते. मला खरंच रडू येत होतं आणि ते दिसू नये असं वाटत होतं. हे काम मला आवडतं. गावात कुणाला ते समजत नाही, पण मला आवडतं. मी म्हणाले, "मग सर, मला पुढचा भाग कापता येणार नाही. दुसरं कुणी बघा."

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज गाद्यांमधूनही येत होता.

निखिलदादा इतका वेळ खुर्चीवर फोन बघत होता. तो मान वर न करताच म्हणाला, "हो, आणि त्यात बीपपण मारू नकोस."

अमेय सर त्याच्याकडे वळले. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"सवय आहे यार," निखिलदादा म्हणाला. मग वेगळ्या आवाजात, "पण खरंच टाक तो रॉ. त्या बाईचं दुकान बंद होणार आणि आपण हुशार दिसणार, ये थोडा जादा हो गया."

अमेय सर फेऱ्या थांबवून खाली बसले. शेवटी म्हणाले, "मेदूवड्याचा विनोद तरी काढ."

"नाही, सर," मी म्हणाले. एकाच दुपारी दुसऱ्यांदा.

फाट्याचं नाव उघड करायचं की नाही, हे मात्र मी सुगंधाताईंना विचारलं. ते आम्ही ठरवणं बरोबर नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगा की नाव. धंद्याची जागा हाय, चोराचं घर हाय का ते? बोर्ड लावलाय मी." म्हणून बीप मारला नाही. पुतळ्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "मैना हाय तिथंच ऱ्हाईल."

रॉ जसाच्या तसा बाहेर गेला. सुरुवातीला अमेय सर साध्या आवाजात, घरी बोलतात तसं, दोनच वाक्यं बोलले. हे न कापलेलं रेकॉर्डिंग आहे, आणि आम्ही हे असं बनवतो. पाच-सहा वेळा करून घेतल्यावर तो साधा आवाज आला.

पहिल्या दिवशी खूप लोकांनी लावला. बहुतेक मेदूवड्यापाशी उठून गेले. ऐकणारे कुठे सोडून जातात ते आम्हाला आलेखावर दिसतं, तिथे सरळ कडाच होता. पण पुतळ्याचा तुकडा थोड्या जणांनी कापून इकडेतिकडे पाठवला, "काहीतरी तर टाक" वाला. तो पुरला. एका बाईने लिहिलं, 'एवढंच होतं होय.' काहींनी लिहिलं की हा रॉसुद्धा बनावट आहे. पण दोन तास ऐकून ते सिद्ध करायला कुणी बसलं नाही. आठवडाभरात लोक दुसऱ्या कुठल्या तरी विषयाकडे गेले.

गाड्या लगेच थांबायला लागल्या असं मी म्हणणार नाही. ते हळूहळू झालं. ज्यांनी हे सगळं ऐकलंच नव्हतं ते आधी थांबले, मग बाकीचे. शिमग्याला सुगंधाताईंचा नवरा आला तेव्हा दुकानात एक टेम्पो जॅकवर चढवलेला होता आणि त्याच्या मागे दुसरा उभा होता. त्याने कपडे बदलले आणि दुसऱ्याचं चाक खोलायला घेतलं. बंद करायचा विषय त्याने काढला नाही. हे मला ताईंनीच सांगितलं.

मैनेचा हात परत आला नाही. ज्याने नेला त्याच्या घरी तो कुठेतरी असेल. ताईंनी पाण्याच्या पाइपाचा तुकडा बाहीत घालून त्यावर रबरी हातमोजा चढवला आणि बोर्ड पुन्हा हातात दिला. फोटो पाठवला होता. हात जरा लांब झालाय.

आमचं नुकसान झालं. ऐकणारे कमी झाले. "तुम्ही तर आमच्यासारखेच आहात," असं एकाने लिहिलं, ते अमेय सरांना फार लागलं. काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. आता ठीक आहे. पण मेदूवडा हा शब्द स्टुडिओत काढायचा नाही.

रॉ ऐकणाऱ्यांपैकी एक आमचे बाबा. डंपर भरायला रांग लागते तेव्हा बसून बसून त्यांनी तो पूर्ण दोन तास ऐकला. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, "ह्ये सगलं तू काढतेस?"

"हो."

"रोज?"

"आठवड्याला एकदा."

ते जरा विचार करून म्हणाले, "मंग कॉलेज लागत असंल."

सुगंधाताईंना मी फोन करून विचारलं की त्यांनी ऐकलं का. "लावलं होतं," त्या म्हणाल्या. "कोयता सापडेपर्यंत जागी होते. मंग झोप लागली. कोन ऐकतं गं हे?"

"कुणीच नाही, ताई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

एडिटिंगच्या कामात यातून मी दोन गोष्टी बदलल्या. खऱ्या माणसाचं किंवा जागेचं नाव आलं तर त्यावर बीप मारत नाही, ते अख्खं वाक्यच काढते, पुतळ्यासकट. आणि प्रत्येक भागात एखादी लांब शांतता मुद्दाम तशीच ठेवते. अमेय सर विचारतात, ही कशाला ठेवलीस, कंटाळा येतो. मी म्हणते, येऊ दे थोडा.